साळुंकी कोलाचं नाक

आमच्या कारखान्यात प्रत्येकाला काही ना काही हुद्दा आहे, आणि माझा हुद्दा 'नाक' आहे. हजेरीच्या वहीत 'चव तपासणी' असं लिहिलेलं असतं, पण मिस्त्रीपासून झाडणाऱ्या मावशींपर्यंत सगळे 'नाक आलं का?' असंच विचारतात. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मला याचा राग यायचा. पुढे त्याचा माज चढला, हे आधीच कबूल केलेलं बरं.

साळुंकी कोला तुम्ही कधी प्यायला नसाल तर त्यात तुमचा दोष नाही. आमची गाडी सकाळी निघून संध्याकाळी परत येऊ शकेल तेवढ्याच टापूत तो मिळतो. त्यापलीकडे आम्हाला काळं कुत्रंही विचारत नाही. पण टापूच्या आत आमचा रुबाब आहे. बाटलीवर पिवळ्या चोचीची साळुंकी आणि आत पाच चवी: व्हॅनिला, साधा, लिंबू, चेरी आणि आलं. बाहेर नोकरीला गेलेली पोरं सुट्टीत घरी आली की आधी साळुंकीची बाटली मागतात आणि ती अर्धी संपल्यावर आईला विचारतात, तू कशी आहेस.

चवींचा हा क्रम मी उगाच नाही सांगितला. आमचा आठवडा याच क्रमानं चालतो. सोमवारी व्हॅनिला, मंगळवार-बुधवार साधा, गुरुवारी लिंबू, शुक्रवारी चेरी आणि शनिवारी आलं. सौम्य ते आधी, झणझणीत ते शेवटी. बाटल्या भरायच्या मशीनमध्ये रबराचे वॉशर असतात आणि रबर वास धरून ठेवतं. व्हॅनिलाचा वास गरम पाण्यानं जातो. आलं मात्र एकदा रबरात शिरलं की रुसलेल्या पाहुण्यासारखं ठाण मांडून बसतं. म्हणून शनिवारचा माल निघाला की रविवारी मशीन बंद, आणि सोमवारी उजाडताच मिस्त्रीचं पहिलं काम म्हणजे सगळे वॉशर काढून उकळलेले दुसरे बसवायचे. 'आलं सगळ्यात शेवटी' अशी ओळ सासऱ्यांनी भिंतीवर स्वतः ब्रशनं लिहिली होती. सासरे गेले, भिंतीला दोनदा नवा रंग लागला, पण दोन्ही वेळा रंगाऱ्यानं ती ओळ सोडून रंगवलं.

माझं काम सकाळी दहाला सुरू होतं. त्या दिवशीच्या मालातल्या तीन बाटल्या, तीन पेल्यांत. गार करायचं नाही, कारण गारव्यात खोट लपते. मी वास घेते, एक घोट तोंडात फिरवते, मोरीत टाकते आणि बाहेरच्या फळ्यावर खडूनं बरोबरची खूण करते. ती खूण झाल्याशिवाय गाडीत एक क्रेट चढत नाही. साखर किती, गॅस किती, धुण्याचा सोडा बाटलीत राहिला का, हे सगळं तपासायला काचेच्या नळ्या आणि थेंब आहेत. पण चेरी चेरीसारखी लागते का, हे सांगणारी नळी अजून कुणी काढलेली नाही. त्यासाठी मी.

हे काम आधी सासूबाईंचं. लग्न ठरायच्या आधी मी पहिल्यांदा या घरी आले, तेव्हा त्यांनी माझ्यापुढे साध्या कोलाचे तीन पेले ठेवले आणि म्हणाल्या, "पी आणि काय वाटतं ते सांग." मी आपली सरळ बोलून गेले, "दुसऱ्याला रबराचा वास येतोय." सासूबाई आत गेल्या, पाच मिनिटांनी बाहेर आल्या आणि लेकाला म्हणाल्या, "ठरलं." माझं रूप, शिक्षण, स्वभाव यातलं काहीही विचारलं नाही. लग्नानंतर महिन्याभरात त्यांनी खडू माझ्या हातात दिला आणि स्वतः हिशोबापासून झाडांपर्यंत बाकी सगळं बघायला मोकळ्या झाल्या.

मग काय विचारता! नाकावर माशी बसू दिली नाही. एसेन्सवाल्याचे डबे उघडायच्या आधी परत पाठवले आहेत मी. एकदा झाकणांच्या आतल्या अस्तराला ओलसर वास येतो म्हणून चाळीस क्रेट अडवले, आणि वर्षभर ती गोष्ट सगळ्यांना ऐकवली. 'सर्दी झालेल्या माणसानं सिरपच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही' हा नियमही माझाच. मिस्त्री एकदा नुसता शिंकला तर त्याला चार दिवस बाहेर बसवलं होतं.

आणि मग मलाच सर्दी झाली.

साधी सर्दी हो. चार दिवस वाफ घेतली, बरी झाले. नाक मोकळं झालं, श्वास छान यायला लागला, पण वास काही परत आला नाही. पहिल्या दिवशी वाटलं, येईल उद्या. तिसऱ्या दिवशी मी न्हाणीघरात साबणाची वडी नाकाला लावून बसले होते आणि ती दगडाची असती तरी मला फरक कळला नसता. त्या दिवशी व्हॅनिलाचे तीन पेले समोर आले. गोड पाणी. नुसतं गोड पाणी. मी डोळे मिटले, घोट फिरवला, टाकला आणि बाहेर जाऊन खूण केली.

त्या दिवशी सांगितलं असतं तर ही गोष्ट तिथंच संपली असती. पण मी म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी म्हटलं, काल सांगितलं नाही मग आज काय सांगू. असं करत करत अकरा आठवडे गेले.

मला भीती कसली वाटत होती ते सरळच सांगते. या घरात मी नाकाच्या जोरावर आले होते. नवऱ्याचं प्रेम आहे, मुलगी आहे, सगळं आहे, पण सासूबाईंनी 'ठरलं' म्हटलं ते नाकाला बघून. ते गेलं तर मी कोण? चाळीस क्रेट अडवणारी, मिस्त्रीला बाहेर बसवणारी बाई नुसतेच पेले फिरवून खोटी खूण करते, हे लोकांना कळलं तर तोंड कुठं लपवू? आणि त्याहून वाईट म्हणजे रोज अकरा वाजता गाडी फाटकातून बाहेर पडायची. आत काय भरलंय ते मला माहीत नसायचं. साळुंकीला नाव ठेवायला लोकांना एक वाईट बाटली पुरे होती, आणि ती बाटली माझ्या खुणेनं बाहेर पडणार होती.

जिभेला गोड, आंबट, कडू तेवढं कळत होतं. गुरुवारी लिंबू जरा आंबट लागायचं. शनिवारी आलं जिभेला चुरचुरायचं, कारण चुरचुरायला नाक लागत नाही. शनिवार माझा आनंदाचा दिवस झाला होता. बाकी पाच दिवस अंधारात चाचपडणं. घरीही तेच. भाजी करपली तरी मुलगी ओरडल्याशिवाय मला पत्ता नाही. "आई, तुझं लक्ष कुठे असतं हल्ली?" ती विचारायची. मी म्हणायचे, कामात.

या दिवसांत दोनदा गाडी अडली. एका गुरुवारी आणि मग एका सोमवारी, मी खूण केल्यावरही ड्रायव्हरकाकांनी माल भरला नाही. "झाकणं सैल आहेत, वहिनी," एवढंच म्हणाले आणि क्रेट मागच्या शेडमध्ये ठेवून दिले. ड्रायव्हरकाका आमच्याकडे पंचवीस वर्षं आहेत. बोलणं मोजकं, मिशी भरघोस. मी झाकणं बघायलाही गेले नाही. मनात म्हटलं, सुटले, आज तरी माझी परीक्षा नाही.

आणि अशातच सहाव्या चवीचं निघालं.

वीस वर्षांत साळुंकीला नवी चव आली नव्हती. नवऱ्याच्या डोक्यात डाळिंब बसलं होतं. त्यानं एसेन्सवाल्यांकडून तीन वेगवेगळे नमुने मागवले. त्यातला एक निवडायचा, वर्षभराचं एसेन्स एकदम घ्यायचं, बाटल्यांवरची लेबलं छापायला टाकायची. सगळं त्या एका निवडीवर अडलेलं. निवडायचं कुणी? नाकानं!

"सोमवारी सकाळी साडेनऊला," नवरा खुशीत म्हणाला. "तू एकदा सांगितलंस की बारापर्यंत मी फोन करून टाकतो."

"तुम्हीच निवडा की," मी म्हटलं.

"मी?" तो हसला. "मला डॉक्टरांनी घोटभरसुद्धा प्यायची बंदी केलीय, विसरलीस?" हे आमच्या घराचं नशीब. कोलाच्या कारखान्याच्या मालकाला साखरेचा आजार.

शनिवारी रात्री मला धड झोप लागली नाही. रविवारी सकाळी ठरवलं की आज सांगायचं. दुपारी नवऱ्याच्या खोलीत गेले तर तो कारखान्यात गेलेला. संध्याकाळी तो कपड्यांवर लाल डाग घेऊन परत आला आणि लहान पोरासारखा म्हणाला, "तिन्ही नमुने मी माझ्या हातानं भरले. मिस्त्रीलाही कळू दिलं नाही. उद्या बघ तू!" त्याच्या चेहऱ्याकडे बघून मी सांगणं पुन्हा उद्यावर ढकललं.

सोमवारी साडेनऊला तपासणीच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. मी, नवरा आणि सासूबाई. खोली लहानच आहे. एक पांढरं टेबल, एक मोरी, पूर्वेची खिडकी. टेबलावर तीन पेले, तिन्हींत गडद लाल कोला, पेल्यांखाली एक, दोन, तीन लिहिलेले कागद. ड्रायव्हरकाका दाराबाहेर फळ्यापाशी उभे होते, नेहमीसारखे, हातात किल्ल्या घेऊन.

मनात ठरवलं होतं की मधला निवडायचा. मधला कधी फार चुकत नाही, असा माझा हिशोब. चेहरा गंभीर करून मी पहिला पेला उचलला, डोळे मिटले, घोट घेतला.

आणि जिभेला काहीतरी झालं.

अगदी बारीक, पण नक्की. जिभेच्या कडेला एक चुरचुर उठली आणि घशापर्यंत गेली. मी घोट टाकायचा विसरले, गिळलाच. दुसरा घोट घेतला. तेच. अकरा आठवड्यांत सोमवारी, शनिवार नसताना, मला पहिल्यांदा काही जाणवलं होतं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. दुसरा पेला घेतला, गोड पाणी. तिसरा, गोड पाणी. पुन्हा पहिला. चुरचुर.

"पहिला," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "यात प्रश्नच नाही. यात जीव आहे. बाकीचे दोन नुसतेच गोड."

नवऱ्यानं टेबलावर थाप मारली. "आई, तू?"

सासूबाईंनी सावकाश तिन्ही पेले चाखले. त्या घाई कधीच करत नाहीत. पहिल्याशी परत आल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की जणू जुनी मैत्रीण भेटली. "पहिलाच," त्या म्हणाल्या. "खरंच जीव आहे गं ह्यात."

मला आकाश ठेंगणं झालं. माझं नाक परत येत होतं आणि वर सासूबाईंची साक्ष होती. नवरा फोन उचलणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "थांब रे. ड्रायव्हरलाही दे एक घोट. शेवटी रस्त्यावर तोच विकतो."

ड्रायव्हरकाका आत आले, किल्ल्या खिशात टाकल्या, पहिला पेला उचलून घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. मिशी पुसली. मग नवऱ्याकडे बघून म्हणाले, "मालक, ह्यात आलं आहे."

"काय?"

"आलं. चांगलं दणकून आहे. वॉशर बदलले नव्हते का?"

नवऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला. रविवार. शनिवारी आलं भरलेलं, वॉशर सोमवारी बदलायचे, आणि ह्या शहाण्यानं मधल्या दिवशी गुपचूप मशीन चालवलं होतं! नळीत उरलेलं सगळं आलं पहिल्या नमुन्यात उतरलं होतं. उरलेल्या दोन नमुन्यांपर्यंत नळी धुऊन निघाली होती, वॉशरांचा पुसट वास काय तो राहिला होता. भिंतीवर बापाच्या हातची ओळ, आणि तिच्याखाली उभं राहून लेकानं हे केलं.

पण मी नवऱ्याला हसले नाही. आलं. पाच चवींतली जी एकच चव मला कळते, ती. म्हणून जीव वाटला. माझं नाक कुठंही परत आलेलं नव्हतं.

"पण..." नवरा माझ्याकडे बघत म्हणाला, "तुला कळलं नाही? चार पावलांवरून मिस्त्रीची सर्दी ओळखणारी तू, आणि आलं कळलं नाही?"

खिडकीबाहेर व्हॅनिलाचं मशीन सुरू झालेलं ऐकू येत होतं. मला सुटायला वाट होती. 'डाळिंबाबरोबर आलं छान लागतं म्हणून निवडलं,' असं म्हटलं असतं तर सगळ्यांनी मान डोलावली असती. ते वाक्य माझ्या ओठांवर आलंही होतं. पण मला त्या वाक्याचा इतका कंटाळा आला, त्यानंतरच्या सगळ्या सकाळींचा इतका कंटाळा आला, की मी ते गिळून टाकलं.

"मला वास येत नाही," मी म्हटलं. "अकरा आठवडे झाले. त्या सर्दीपासून. मी रोज खोटी खूण करतेय."

बोलून झालं आणि मी टेबलाची कड घट्ट धरली. आता आभाळ कोसळणार, असं वाटलं.

"मला तेरा वर्षं," सासूबाई म्हणाल्या.

"काय तेरा वर्षं?" नवऱ्यानं विचारलं.

"वास येत नाही." त्यांनी पदर सारखा केला. "तेरा वर्षं आणि वर सात महिने."

नवरा खुर्चीत मटकन बसला. मी सासूबाईंकडे बघतच राहिले. त्या माझ्याकडे बघून चक्क हसत होत्या, आणि मग त्यांना हसू आवरेना. "पहिलाच म्हणे! दोघींनाही पहिलाच! अगं, तेवढंच तर कळतं आपल्याला!"

मग सगळं बाहेर आलं. माझं लग्न ठरायच्या सात महिने आधी त्यांचं नाक गेलं होतं. कुणाला सांगितलं नाही. सासरे तापट, त्यात पेठेत सगळीकडे त्यांच्या नाकाचं कौतुक. सात महिने त्याही डोळे मिटून खोटी खूण करत होत्या. ज्या दिवशी मी आले, त्या दिवशी त्यांनी एकाच दिवसाच्या मालातल्या तीन बाटल्या तीन पेल्यांत ओतल्या होत्या, त्यात काय आहे ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं दुसऱ्याला रबराचा वास येतोय, तर त्या तो पेला घेऊन आत नव्हे, मागच्या दारानं अंगणात गेल्या होत्या.

"ह्याला प्यायला दिला," त्यांनी ड्रायव्हरकाकांकडे बोट दाखवलं. "हा म्हणाला, रबर लागतंय. तेव्हा मी घरात येऊन म्हटलं, ठरलं. मला सून हवी होतीच. पण नाक जास्त हवं होतं, खोटं कशाला बोलू."

"आणि माझं? माझं गेलेलं तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. अगं, वास येणारा माणूस पेला सरळ नाकाशी नेतो. तू आधी उजेडाला धरायला लागलीस. मीही तेच करायचे. डोळ्यांनी तरी काही दिसेल म्हणून."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील याची वाट बघत होते. आणि मी कुठल्या तोंडानं बोलणार होते? मी तरी कधी कुणाला सांगितलं होतं?" त्यांनी तिन्ही पेले एका ओळीत लावले. "पण माल वाऱ्यावर नव्हता सोडला हां. ड्रायव्हरला सांगितलं होतं, गाडी भरायच्या आधी रोज एक बाटली पी. वाईट लागली तर भरू नकोस, आणि विचारलं तर झाकणं सैल आहेत म्हण."

मी ड्रायव्हरकाकांकडे वळले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "त्या गुरुवारी लिंबाला रॉकेलचा वास होता, वहिनी," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "आणि सोमवारी व्हॅनिला दुप्पट पडलं होतं. झाकणं घट्ट होती."

म्हणजे एकही वाईट बाटली फाटकाबाहेर गेली नव्हती. अकरा आठवडे. एकही नाही! माझ्या छातीवरून कुणीतरी भरलेला क्रेट उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. मी खाली बसले आणि ढसाढसा रडले. सासूबाई उठल्या, माझ्या मागं उभ्या राहिल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तेरा वर्षांत त्यांनी असा हात ठेवलेला मला आठवत नाही.

"रड," त्या म्हणाल्या. "मला रडायला कुणी नव्हतं."

नवरा तेवढ्यात भानावर आला होता. "म्हणजे इतकी वर्षं माझ्या कारखान्याचं नाक," तो हळूच म्हणाला, "खरं तर ड्रायव्हर होते?"

"सगळी वर्षं नाही," ड्रायव्हरकाका म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना काहीतरी लांबलचक बोलायचं होतं, हे दिसत होतं. "मोठ्या बाई तेव्हा सात महिने रोज मला पहिली बाटली द्यायच्या. कशी लागली विचारायच्या. मला वाटायचं, माया आहे. मग वहिनी आल्या आणि बाटली बंद झाली. तेरा वर्षं मी विचार करत होतो की माझं काय चुकलं. मग अकरा आठवड्यांपूर्वी परत सुरू झाली. मी म्हटलं, चला, बाईंचा राग गेला."

सासूबाईंचं हसू एकदम थांबलं. "अरे देवा," त्या म्हणाल्या. "राग कसला रे! तुला एका शब्दानं विचारायला काय झालं होतं?"

"तुम्ही तरी कुठं एका शब्दानं सांगितलंत," ड्रायव्हरकाका म्हणाले, आणि मग आम्ही चौघंही इतके हसलो की मिस्त्री दार उघडून बघून गेला.

त्या दिवशी बारा वाजता नवऱ्यानं फोन केला. ड्रायव्हरकाकांनी तिसरा नमुना निवडला. दुसऱ्यात साबण लागतो म्हणाले. आम्ही दोघींनी माना डोलावल्या, अगदी जाणकारांसारख्या.

त्याच आठवड्यात नवरा आम्हा दोघींना नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, सर्दीनं असं होतं, सूनबाईंचं कदाचित हळूहळू परत येईल, कदाचित येणार नाही. रोज सकाळ-संध्याकाळ लिंबू, लवंग, गुलाब, निलगिरी असे चार वास मनापासून हुंगायचे. सासूबाईंचं आता अवघड आहे, हेही त्यांनी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला सवय झालीय. पण लवंग हुंगायला हिच्याबरोबर बसते. तेवढाच वेळ जातो." म्हणून हल्ली सकाळी आम्ही सासू-सुना ओट्यापाशी एकामागून एक डब्या हुंगत बसतो आणि दोघींनाही काही कळत नाही. मुलगी म्हणते, तुम्ही दोघी वेड्या झालात. मी मिस्त्रीची माफीही मागितली, त्या शिंकेबद्दल. तो म्हणाला, चार दिवस झोपायला मिळालं होतं, तक्रार नाही.

भिंतीवर सासऱ्यांच्या ओळीखाली आता दुसरी ओळ आहे. नवऱ्यानं शिक्षा म्हणून स्वतः ब्रश घेऊन लिहिलीय: 'रविवारी मशीनला हात लावायचा नाही.' अक्षर बापापेक्षा वाईट आहे.

पुढच्या सोमवारी दहाला मी तपासणीच्या खोलीत गेले तर तिथं तीन खुर्च्या होत्या. एकीवर सासूबाई. एकीच्या अगदी टोकावर, उठायच्या तयारीत, धुतलेल्या शर्टात ड्रायव्हरकाका. व्हॅनिलाचे तीन पेले भरून ठेवलेले. मी मधल्या खुर्चीत बसले, पेला उचलला आणि यावेळी उजेडाला धरला नाही. सरळ नाकाशी नेला. घोट घेतला, फिरवला, टाकला.

"मला काही आलं नाही," मी म्हटलं. इतकं सोपं वाक्य, आणि मी अकरा आठवडे ते घेऊन फिरत होते.

"मलाही नाही," सासूबाई म्हणाल्या आणि पेला खाली ठेवला.

ड्रायव्हरकाकांनी तिन्ही पेले संपवले. एक थेंबही मोरीत टाकला नाही. मिशी पुसली. "मला येतोय," ते म्हणाले. "छान आहे. भरू का गाडी?"

"भरा," आम्ही दोघी एकदम म्हणालो, आणि मी खडू त्यांच्या हातात दिला.